छोट्या ट्रॅक्टरसाठी घरचा सबसॉयलर : आधी खड्डा, मग लोखंड



रब्बीचे पीक निघाले, खोडवा मोडला की उन्हाळी मशागतीची घाई सुरू होते. जो तो नांगर, रोटाव्हेटर यांच्या मागे लागतो. पण अलीकडे गावोगाव एकच तक्रार कानावर येते. "साहेब, खत कमी पडू देत नाही, बेणं बदललं, तरी ऊस पहिल्यासारखा वाढत नाही. पाऊस पडला की पाणी चार-चार दिवस वर साचून राहतं आणि पाणी ओसरलं की आठवड्यात पीक सुकायला लागतं." एकाच रानात पाणी जास्त आणि पाणी कमी, अशा दोन्ही तक्रारी येतात, तेव्हा दोष वरच्या मातीत नसतो, खतातही नसतो. तो बहुतेक वेळा वीतभर खाली दडलेला असतो. त्याचे नाव घट्ट थर.

हा थर फोडण्याचे औजार म्हणजे सबसॉयलर. मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावले तर भाडे द्यावे लागते आणि नेमक्या वेळेला तो मिळत नाही. म्हणून ज्यांच्या दारात अठरा ते पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे, ते विचारतात की आपल्याला हे औजार घरी करता येईल का? येईल. गावचा वेल्डर आणि लोहार मिळून दोन-तीन दिवसांत ते उभे करू शकतात. मात्र ते कसे करायचे, कोठे चालवायचे आणि कोठे मुळीच चालवायचे नाही, हे आधी नीट समजून घ्या.

हा थर आला कोठून?

जुना लाकडी नांगर चार-सहा बोटे जात असे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीला कारखाना वसवला आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचला. जमीन खोल उलटू लागली. पुढे ट्रॅक्टर आला. पण वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर चालला की फाळाचा तळ खालची माती दाबत राहतो. रोटाव्हेटर तर वरची चार-पाच इंच माती पिठासारखी करतो आणि त्याची पाती खालची माती थापटून काढतात. ही बारीक माती पाण्याबरोबर खाली जाऊन भेगा बुजवते.

उसाच्या पट्ट्यात याहून मोठे कारण आहे. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या आणि तोडणीयंत्रे ओल्या रानात शिरतात. कोरडी माती वजन सहन करते, ओली माती दबते आणि दबलेलीच राहते. अशा सगळ्या कारणांनी साधारण आठ ते बारा इंचांच्या दरम्यान हाताच्या जाडीचा कडक पापुद्रा तयार होतो. मुळी तेथे अडते, पाणी तेथे अडते, हवाही तेथेच अडते.

पहिले काम खड्ड्याचे

लोखंड आणण्यापूर्वी कुदळ हातात घ्या. रानात तीन-चार ठिकाणी, एक बांधाजवळ, एक मध्यावर आणि एक जेथे पीक खुरटते तेथे, दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. पीक उभे असतानाच घेतला तर उत्तम, म्हणजे मुळ्या पाहायला मिळतात. खड्ड्याची एक बाजू चाकूच्या टोकाने वरून खाली टोचत जा. वरची माती सहज टोचते, मग एका खोलीवर चाकू अडतो आणि त्याखाली पुन्हा सहज जातो. तो अडला तेथून सुटला तेथपर्यंत टेपने मोजा. हाच तुमचा थर. तेथे मुळ्या आडव्या वळलेल्या, चपट्या झालेल्या दिसतील. माती फोडली तर ढेकूळ थराथराने, पाटीच्या कपच्यांसारखे सुटेल.

वाळवा तालुक्यात एका तीन एकरवाल्या जोडप्याच्या रानात असा खड्डा घेतला. धनी म्हणत होते, जमीनच थकली. त्यांची कारभारीण खुरपणीला रोज रानात असायची. ती म्हणाली, "साहेब, मी तर केव्हापासून सांगते, खुरपं एका जागी खणकन वाजतं." मोजले तर नऊ इंचांवर थर सुरू होऊन बारा इंचांवर संपत होता. तेव्हा घरच्या बायकांना विचारा. मातीशी रोजचा हात त्यांचाच असतो.

आता महत्त्वाचे. पुढील जमिनींत सबसॉयलरचा खर्च करू नका.

एक, कोरडवाहू भारी काळी जमीन. ती उन्हाळ्यात तळहात जाईल एवढी भेगाळते. या भेगाच खोलवर नांगरटीचे काम करतात. उलट बागायतातली काळी जमीन बाराही महिने ओली राहते, तिला भेगा पडत नाहीत, म्हणून थर तेथे टिकतो.

दोन, हलकी मुरमाड जमीन. दहा इंचांवर मुरूम लागला तर तो दबलेला थर नव्हे, ती जमिनीची मूळ ठेवण आहे. तेथे औजार मोडेल आणि हाती काही लागणार नाही.

तीन, चोपण जमीन. माती साबणासारखी निसरडी, वर पांढरट किंवा काळपट खपली, पाणी मुरतच नाही. अशी जमीन नुसती फोडली तर पहिल्या पाण्याला पुन्हा मिटते. तिला माती परीक्षण करून जिप्सम, सेंद्रिय खत आणि पाण्याचा निचरा लागतो. ती सोय केल्यावरच सबसॉयलरचा उपयोग.

चार, थर पंधरा इंचांच्या खाली असेल तर तो छोट्या ट्रॅक्टरचा घास नाही. तेथे पन्नास-साठ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाड्याने आणणेच स्वस्त पडते.

औजाराची ताकद ट्रॅक्टरच्या मानाने

पुष्कळांना वाटते, इंजिनाची ताकद कमी पडते. तसे नाही. सावकाश चालीत इंजिन पुरते, कमी पडते ती चाकांची पकड. छोट्या ट्रॅक्टरचे वजनच आठशे ते हजार किलो. कोरड्या जमिनीवर तो ढोबळमानाने आपल्या वजनाच्या निम्म्याएवढाच ओढ घेऊ शकतो. भारी जमिनीत फुटाच्या खोलीवर एकच फाळ तेवढी ओढ सहज मागतो. म्हणून तीन नियम ठरवून घ्या : फाळ एकच, खोली बारा-तेरा इंच आणि ती खोलीही दोन खेपांत गाठायची.

सामान आणि बांधणी

सबंध औजाराला साधारण साठ ते सत्तर किलो लोखंड लागते. दर गावोगाव वेगळे असतात, म्हणून वजनावर हिशोब धरा आणि त्यात गॅस कटिंग, वेल्डिंग यांची मजुरी मिळवा.

उभा दांडा : २५ मिलिमीटर जाड, ५ इंच रुंद, ३ फूट लांब अशी पोलादी पट्टी. तिचे वजन बावीस किलोच्या आसपास भरते. भंगारातील चिरलेली, वाकवून सरळ केलेली पट्टी घेऊ नका. पुढची कड दोन्ही बाजूंनी घासून धारेसारखी करा, माती कापली जाते आणि ओढ हलकी होते.

आडवा चॅनल : ४ इंची दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड करा, म्हणजे चौकोनी पेटी तयार होते. लांबी तुमच्या ट्रॅक्टरच्या खालच्या दोन लिंकांमधील अंतराप्रमाणे ठेवा. प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरचे हे अंतर सारखे नसते. शेजाऱ्याच्या औजाराचे माप घेऊ नका, आपल्या ट्रॅक्टरवर टेप लावा. पिनांचेही तसेच. खालच्या पिना बहुधा २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची असते, तरी मोजून घ्या.

टॉप लिंकचा खांब : १२ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या चॅनलवर तिरप्या उभ्या करून वर एकत्र आणा. उंची दीड फुटाच्या आसपास येते. या खांबाच्या शेंड्यापासून मागे एक तिरपा आधार द्या. सगळा ताण या खांबावर येतो, तेथे कच्चे वेल्डिंग चालणार नाही.

गाल : चॅनलच्या मागे, मधोमध, १२ मिलिमीटर जाडीच्या आठ इंच रुंद आणि बारा इंच उंच अशा दोन प्लेटा उभ्या वेल्ड करा. त्यांच्यामध्ये उभा दांडा बसेल, फिरेल, पण डुलणार नाही एवढीच फट ठेवा. मागची बाजू मोकळी असली पाहिजे. चॅनल आणि दांडा यांच्यात दोन इंच जागा सोडा.

दोन बोल्ट : दांड्याच्या वरच्या टोकापासून दोन इंचांवर २० मिलिमीटरचा मजबूत, हायटेन्साइल बोल्ट टाका. दांडा त्याच्यावर फिरेल. त्याच्या खाली पाच इंचांवर दुसरे भोक पाडा. त्यात बसतो तुटता बोल्ट.

तुटता बोल्ट हा तुमचा राखणदार

सगळ्या औजारात स्वस्त वस्तू ही, आणि मोलाचीही हीच. जमिनीत दगड, जुने खोड किंवा मूळ लागले की काहीतरी मोडणारच. ते काय मोडायचे, हे आपण आधी ठरवतो. हा बोल्ट तुटला की दांडा मागे झुकतो, फाळ वर येतो आणि ट्रॅक्टर सुटतो.

हा बोल्ट साध्या लोखंडाचा घ्या. पहिल्यांदा ८ मिलिमीटरचा लावा. दगडधोंडा नसताना तो वरचेवर तुटू लागला तर १० मिलिमीटरचा लावा. त्यापुढे जाऊ नका. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर तो हायटेन्साइल आहे, तो येथे चालणार नाही. आट्यांचा भाग गालांच्या कडेशी येऊ देऊ नका, तेथे गुळगुळीत दांडी आली पाहिजे. काही जण "सारखा तुटतो" म्हणून तेथे मजबूत बोल्ट ठोकतात किंवा सरळ वेल्डिंग मारतात. मग बोल्टाऐवजी लिंक वाकते, नाहीतर ट्रॅक्टरचा मागचा भाग चिरतो. दहा रुपयांची वस्तू वाचवण्यासाठी लाखाची वस्तू पणाला लावू नका. खिशात पाच-सहा बोल्ट ठेवूनच रानात जा.

फाळ आणि त्याचा उतार

दांड्याच्या खालच्या टोकाला १६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे नऊ इंचांचे तिरपे पाऊल वेल्ड करा. पुढे टोक खाली, मागे चढ. आठ इंच लांबीला पावणेचार इंच चढ ठेवा. यापेक्षा उभा केला तर ओढ जड होते, यापेक्षा आडवा केला तर फाळ मातीत शिरत नाही. पावलाचा मागचा भाग जमिनीवर घासता कामा नये.

या पावलावर फाळ बोल्टने बसवा, म्हणजे झिजल्यावर बदलता येतो. मालमोटारीच्या जुन्या पाट्याचा अडीच-तीन इंच रुंद तुकडा यासाठी नामी. पण हे स्प्रिंगचे पोलाद आहे, थंड स्थितीत वेल्डिंग केले की वेल्डाशेजारी तडकते. म्हणून वेल्ड न करता लोहाराकडून लाल तापवून राखेत हळूहळू निववून घ्या, म्हणजे ते मऊ होऊन भोके पाडता येतात. दोन १२ मिलिमीटरचे, डोके आत बसणारे बोल्ट लावा. भोके झाल्यावर टोकाला लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या. हे काम तेलात करायला सांगा, पाण्यात एकदम बुडवले तर टोकाला चीर पडते.

शेवटी दांड्यावर फाळाच्या टोकापासून ८, १०, १२ आणि १४ इंचांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारा. चालकाला मागे वळून खोली लगेच कळते.

वापसा नको, कोरड हवी

नांगरटीला आपण वापसा बघतो. सबसॉयलरला त्याहून कोरडी माती हवी. ओल्या मातीत फाळ लोण्यातल्या सुरीसारखा जातो. चिरा पडत नाहीत, उलट कडेची माती आणखी दबते. थराच्या खोलीवरची मूठभर माती घ्या आणि तळहातावर वळून पाहा. तिची वळी झाली तर थांबा. भुगा झाला तर औजार लावा. आपल्याकडे हे दिवस बहुधा एप्रिल आणि मे महिन्यांत येतात. त्यासाठी शेवटचे पाणी लवकर तोडावे लागते, हे ध्यानात ठेवा.

खोली थराच्या तळापेक्षा एक-दोन इंच जास्त ठेवा. थर बारा इंचांवर संपत असेल तर तेरा इंच पुरे. "खोल तेवढे चांगले" हा समज सोडून द्या. फाळाच्या रुंदीच्या पाच-सहा पटींपलीकडे गेले की माती वर उचलली जात नाही, नुसती बाजूला दाबली जाते. रिकामी फट आणि डिझेलचा धूर, एवढेच पदरात पडते.

पहिली खेप आठ-नऊ इंचांची घ्या. मग त्याच तासातून दुसरी खेप पूर्ण खोलीची. दोन तासांमधील अंतर खोलीच्या एक ते दीड पट, म्हणजे तेरा इंचांना साधारण सव्वा ते दीड फूट. उसासाठी एक काटकसर सांगतो. चार-पाच फुटी सरी पाडणार असाल तर सबंध रान फोडू नका. जेथे लावण येणार त्या ओळीखालीच औजार चालवा. डिझेल निम्म्याहून कमी लागते आणि मुळीला वाट नेमकी तेथेच मिळते.

गिअर खालचा, चाल माणसाच्या सावकाश चालण्याएवढी. वीस-पंचवीस पावले चालून थांबा आणि तासाला आडवा खड्डा घ्या. तासाच्या दोन्ही बाजूंना चिरा गेल्या असतील, थराची ढेकळे सुटली असतील तर काम बरोबर आहे. नुसती उभी फट दिसली तर माती ओली आहे किंवा खोली जास्त आहे.

चाक फिरते की घसरते, हेही तपासा. मागच्या चाकावर खडूची खूण करा. औजार वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग औजार मातीत घालून दहा फेरे मोजा. पहिले अंतर शंभर फूट असेल तर दुसरे पंच्याऐंशी फूट तरी भरावे. कमी भरले तर टायर उगाच झिजतो आहे. मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरा, चाकांना वजने लावा. पुढचे तोंड उचलत असेल तर पुढेही वजन लावा. एवढे करूनही घसरत असेल तर खोली दोन इंचांनी कमी करा.

जीव आधी

रानात एक वाईट सवय पाहायला मिळते. औजार मातीत शिरत नाही म्हणून त्याच्यावर पोराला उभे करतात. हे कधीही करू नका. बोल्ट तुटला की दांडा झटक्यात मागे उसळतो. वरचा माणूस फाळाखाली जातो, नाहीतर चाकाखाली. औजार शिरत नसेल तर टॉप लिंक थोडी आखडा किंवा फाळ नवा करा.

वळण घेताना औजार पूर्ण उचला. मातीत असताना वळले तर दांडा पिळला जातो. अडकलेले औजार एक्सलला साखळी बांधून ओढू नका. तोंड वर उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. बोल्ट बदलताना औजार जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घ्या आणि मगच हात घाला.

पाइपलाइन, ठिबकची मुख्य नळी आणि मोटरची केबल कोठून गेली आहे, तेथे आधीच खुंट्या ठोका. आंबा, नारळ यांच्या बुंध्याजवळ औजार नेऊ नका, मुळ्या तुटतात.

फोडलेला थर पुन्हा घडवू नका

सबसॉयलर मारला आणि पाठोपाठ दोनदा रोटाव्हेटर फिरवला तर केलेले सगळे वाया गेले. फोडलेल्या भेगा मुळ्यांनी भरून टाका. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरा आणि पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी गाडा. मुळ्या कुजल्या की त्यांच्या नळ्या पाण्याला वाट देतात. तुरीचे सोटमूळही हे काम चांगले करते. शेणखत, कंपोस्ट जेवढे मिळेल तेवढे घाला. ऊस भरताना ट्रॉली रानभर न फिरवता ठरलेल्या वाटेनेच न्या, आणि रान ओले असेल तर दोन दिवस थांबण्याबद्दल टोळीच्या मुकादमाशी आधीच बोलून ठेवा.

हे काम दरसाल करायचे नाही. उसाची लावण आणि खोडवे संपले की पुन्हा खड्डा घ्या. थर दिसला तरच औजार बाहेर काढा. एरवी ते फाळाला जुने तेल लावून छपरात पडू द्या, किंवा शेजाऱ्याला द्या. चार-पाच घरांनी मिळून एक केले तर प्रत्येकाचा खर्च हलका होतो, कारण एका घराला ते वर्षाकाठी दोन-चार दिवसच लागते. फक्त ट्रॅक्टर वेगवेगळे असतील तर लिंकांची मापे आधी जुळवून घ्या.

यंदा रानात दुसरे काही करायच्या आधी एवढे करा. कुदळ, टेप आणि चाकू घेऊन घरची सगळी माणसे रानात जा आणि एक खड्डा घ्या. थर असला तर वेल्डरकडे जा. नसला तर ते पैसे शेणखताला लावा. दोन्ही बाजूंनी फायदा तुमचाच आहे.